पांढऱ्या वालाचं जांभळं फूल

जनू,

तुला काही सांगायचं म्हटलं की माझा हात आधी पाटीकडे जातो. आज सकाळीही गेला. फळीवरून पाटी काढली, पेन्सिल शोधली, वर "जनू" एवढं लिहिलं आणि मग ध्यानात आलं, की पाटी वळवून धरायची ती कुणापुढे? शिवाय जे सांगायचं आहे ते एका पाटीत मावणारं नाही. म्हणून शाळेची कोरी वही घेतली आहे. काल तुझं तेरावं झालं. माणसं आपापल्या गावाला गेली, बायको पोरांना घेऊन चार दिवस माहेरी गेली, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला परत गेली, आणि घर असं चिडीचूप झालं आहे की मला इथे बसवत नाही.

तू असताना हे घर कधी गप्प नसायचं. तुला ऐकू येत नव्हतं म्हणून तू भांडी आपटायचीस, दार धाडकन लावायचीस, पाट असा टाकायचीस की शेजारच्या घरातलं पोर दचकून रडायला लागायचं. आता लोक भेटायला येतात आणि म्हणतात, "बिचारी मुकी गेली." मुकी! या आळीत तुझ्याएवढा आवाज दुसरं कोण करत होतं? मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटतं. पण मी पडलो मास्तर. मान हलवतो आणि चहा घ्या म्हणतो.

आई असती तर तिनं ऐकून घेतलं नसतं. तू जन्मापासून बहिरी, हे तू दीड वर्षाची असतानाच तिला कळलं होतं. तरी मरेपर्यंत रोज दिवेलागणीला दारात उभी राहून ती तुला हाक मारायची, "जनू गेऽऽ, ये गो बाय घरात." तू परसात पाठमोरी, आपल्याच कामात. मग मी उठायचो, येऊन तुझ्या खांद्याला हात लावायचो. एकदा मी चिडलो. म्हटलं, "आई, तिला ऐकू येत नाही, कशाला घसा फोडतेस?" ती म्हणाली, "मना ऐकू येतंय ना." हे मी तुला कधी पाटीवर लिहून दाखवलं नाही. असं किती राहिलं आहे, जनू. आज जेवढं आठवेल तेवढं लिहितो. वाचणारं कुणी नाही, म्हणूनच खोटं लिहायचं कारण उरलेलं नाही.

धर्माचंच लिहितो. त्याच्यापासून पळण्यात माझी बारा वर्षं गेली.

नेऱ्याला मामाच्या मुलाचं लग्न होतं. वाजंत्री अंगणात आली तशी मांडवातली सगळी माणसं तिकडे वळली, म्हाताऱ्या वळल्या, पोरं तर धावलीच. दोघंच वळली नाहीत. एक तू, तांदूळ निवडत बसलेली, आणि दुसरा खांबाला टेकलेला तो उंच काळा गडी, धर्मा, मिठागरावर काम करून पाय भेगाळलेला. सगळ्यांच्या पाठी झाल्या आणि तुम्हा दोघांची तोंडं तेवढी समोरासमोर राहिली. मी ते पाहिलं. तू हसलीस तेही पाहिलं. त्यानं हातानं काहीतरी विचारलं, तू हातानंच उत्तर दिलंस. आपल्या घरातल्या खुणा तू आणि आईनं केलेल्या, त्याच्या त्याच्या घरातल्या. तरी दुपारपर्यंत तुम्ही एकमेकांशी भांडण्याइतकं बोलत होतात. मीठ ओढायच्या दांड्याची खूण करून तू त्याचं नावही ठेवून टाकलंस.

महिन्याभरात त्याची आई चिरनेरच्या पुढून, खाडीच्या अंगाच्या गावातून चालत आली. पदराखाली वानवळा म्हणून शेरभर वाल. ओसरीवर बसली आणि सरळ म्हणाली, "मास्तर, पोर मुका हाय, पन कामाला वाघ हाय. आमाला तुमचं काय नको. दोगांचं जमलंय तर होव द्या." आई तर हरखली. तिनं गूळपाणी दिलं, माझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात हो म्हणायचा आणि नाही म्हणायचा मान माझा होता. मी म्हणालो, "विचार करून कळवतो."

काय विचार करणार होतो मी? विचार आधीच झाला होता. त्या वर्षी मला वरच्या वर्गांना विज्ञान शिकवायला दिलं होतं. मुंबईहून एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं, त्यातलं अनुवंशाचं एक प्रकरण वाचलं, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. आपल्या घरातलं पहिलं मॅट्रिक, पहिला मास्तर. मला वाटलं, जगातल्या सगळ्या सोयरिकींची किल्ली माझ्या हाती आली आहे.

त्या दुपारी मी तुला जमिनीवर समोर बसवलं. सुपातले वाल घेतले, लाल वेगळे, पांढरे वेगळे. पाटीवर लिहीत गेलो. लाल म्हणजे ऐकू येणं, पांढरा म्हणजे न येणं. प्रत्येक माणसाच्या मुठीत दोन वाल, एक आईनं दिलेला, एक बापानं. लाल असला की पांढरा झाकतो. माणूस ऐकतो, पण पांढरा आत दडून राहतो आणि पोराच्या मुठीत उतरू शकतो. आपली आई म्हणजे बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्यात तशी चालच आहे. एकाच पणजोबाचा पांढरा वाल दोन वाटांनी खाली आला, आईच्या मुठीत एक, बाबांच्या मुठीत एक, आणि तुझ्या मुठीत दोन्ही पांढरे पडले. मग धर्माचे मांडले. तेही दोन पांढरे. त्याचा काकाही मुका होता, हे मी विचारून घेतलं होतं. "आता," मी लिहिलं, "तुमच्या पोराला लाल वाल कोण देणार?"

तू वालांकडे बघत होतीस. तुला समजलं नाही असं मला क्षणभर वाटलं. शाळेत अशा वेळी मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. पण तू वाकलीस, तुझ्या ढिगातला एक पांढरा उचललास, धर्माच्या ढिगातला एक उचललास, दोन्ही तळहातावर घेऊन उजेडात फिरवून पाहिलेस. वर्षानुवर्षं वाल निवडणारे हात ते. मग पाटी ओढून घेऊन तुझ्या वाकड्या अक्षरात लिहिलंस, "हा आणि हा एकच?"

मी लिहिलं, "पांढरा म्हणजे पांढरा."

जनू, एवढीच माझी चूक. तीन शब्दांची. पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहिलं.

तू रडली नाहीस. ते वाल गोळा केलेस, भिजत घातलेस, मोड आणलेस, एकेक सोलून तिसऱ्या दिवशी बिरडं केलंस आणि मला वाढलंस. मी दोनदा मागून घेतलं. आई जेवली नाही. मला म्हणाली, "तुझं पुस्तक काय सांगतंय ते सांगू दे. तिच्या तोंडाकडे बगितलंस का?" मी म्हणालो, "आई, उद्या चार मुकी पोरं झाली की तू सांभाळशील?" धर्माकडे मी निरोप धाडला, योग नाही म्हणून. त्याच्या आईला वालांचं गणित कुठं समजावत बसू, असं मला वाटलं होतं.

तिनं आणलेला वानवळा मात्र तू शिजवला नव्हतास. दिवाळीनंतर परसातल्या मांडवाशी एका बाजूला आपला वाल लावलास आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा. दोन्ही पांढऱ्या फुलांचे. वर जाऊन वेल एकमेकांत गुंतले. भुंगे दिवसभर या फुलातून त्या फुलात. मी रोज शाळेत जाताना त्या मांडवाखालून वाकून गेलो आणि मला त्यात काही दिसलं नाही. शेंगा वाळल्यावर तू बी वेचलंस, राखेत कालवून मडक्यात ठेवलंस, पुढच्या वर्षी पुन्हा लावलंस.

त्या वर्षीची ती सकाळ. पौष असावा, कारण पहाटेचा गारठा अजून जमिनीत होता. तू माझी बाही धरून मला परसात ओढत नेलंस. मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण. सगळा मांडव पांढऱ्या फुलांचा आणि मधोमध एक वेल जांभळ्या फुलांचा. गडद जांभळा, जावयाच्या उपरण्याच्या काठासारखा. तू आपल्या वेलाकडे बोट दाखवलंस, त्यांच्या वेलाकडे दाखवलंस, दोन बोटं जोडलीस, आणि त्या जांभळ्याकडे हात केलास. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवलास, मीठ ओढायची खूण केलीस, पुन्हा बोटं जोडलीस, आणि कानाला हात लावलास. पाटीसुद्धा लागली नाही. कुठल्याही मास्तरानं याहून सोपं करून सांगितलं नसतं.

आणि मला काय सुचलं? मी आत येऊन पाटीवर लिहिलं, "पाखरानं बी टाकलं असेल." तू लिहिलंस, "नाही. मी वेचलं." मी लिहिलं, "मग मिसळलं." तू लिहिलंस, "नाही." आणि पुढे आणखी काहीतरी लिहायला लागलीस. शाळेला उशीर होत होता. मी पाटी तुझ्या हातातून घेतली आणि बाहीनं पुसली.

त्या "नाही"पुढे तू काय लिहिणार होतीस? तेरा दिवस मी हाच एक प्रश्न घेऊन या घरात फिरतो आहे. चुलीपाशी जातो, परसात जातो, परत येतो. तेव्हा अजून वेळ होती, जनू. धर्माचं लग्न झालेलं नव्हतं. त्याची आई बाजाराला आली की आपल्या आईपाशी बसायची, अजून आशा धरून होती. मी फक्त तो जांभळा वेल नीट पाहायचा होता. ज्याला पोटापाण्यासाठी डोळे उघडून निरीक्षण कसं करावं हे शिकवायचं होतं, त्यानंच बाहीनं पाटी पुसली.

त्या वैशाखात त्याचं लग्न झालं, पेणकडच्या एका मुक्या-बहिऱ्या मुलीशी. त्याच वैशाखात माझंही झालं. आणि माझ्या लग्नाच्या वेळी मी वाल मांडले नाहीत. माझ्या मुठीतही तो पांढरा दडलेला असण्याचा संभव होता, निम्म्याहून जास्त होता. मुलीच्या घरी मी त्यातलं एक अक्षर बोललो नाही. नियम तुझ्यासाठी होता. मला लाडू होते.

थोरला मुलगा झाला तेव्हा मात्र मला ते वाल आठवले. तो पाच महिन्यांचा असताना घरात कुणी नाही असं पाहून मी त्याच्या डोक्यामागे उभा राहून टाळ्या वाजवत होतो. एकदा, दोनदा. तो झोपेत होता, हलला नाही. वळलो तर दारात तू. मी कशासाठी टाळ्या वाजवतो हे तुझ्याशिवाय जगात कुणालाच इतकं चटकन कळलं नसतं. लाजेनं मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तू आत आलीस, पोराला उचललंस, गालाला टिचकी मारून जागं केलंस, मला समोर धरायला लावलंस, आणि त्याच्या पाठीमागे जाऊन परातीवर पळी हाणलीस. पोर केवढ्यानं दचकलं. दचकलं आणि वळलं. तू माझ्याकडे पाहून कानाला हात लावलास, मान हलवलीस, येतंय म्हणून. आणि हसलीस. मला वाटलं, ही परीक्षा तुला आपसूक सुचली असेल. ती तू कुठं पाहिली होतीस, ते मला काल कळलं.

थांब, त्याआधी माझं आणखी एक पाप लिहू दे. पाप हाच शब्द बरोबर आहे.

चार वर्षांपूर्वी शाळेचा अभ्यासक्रम बदलला. मी ते जुनं इंग्रजी पुस्तक पुन्हा काढलं. मी वाचलेल्या प्रकरणाच्या लगेच पुढचं प्रकरण. आठ वर्षं ते तिथेच होतं. परीक्षेला नव्हतं म्हणून मी वाचलं नव्हतं. मास्तरच्या जातीचा माणूस, अभ्यासक्रम जिथं संपतो तिथं त्याचं जग संपतं. पान उलटलं, आणि त्यात तुझा मांडव होता. वाटाण्याच्या जातीची एक फुलवेल. एक पांढऱ्या फुलांचं बियाणं, दुसरं निराळ्या ठिकाणचं पांढऱ्या फुलांचं बियाणं, दोन्हींचा संकर केला तर सगळी फुलं जांभळी. कारण रंगाला एक गोष्ट पुरत नाही, दोन लागतात. एका पांढऱ्यात एक उणी असते, दुसऱ्यात दुसरी. जसं एका घरात तेल नाही आणि एका घरात वात नाही. दोन्ही घरं काळोखात, बाहेरून बघणाऱ्याला काळोख सारखाच. सोयरीक झाली की दिवा लागतो. आणि त्याच पानावर खाली लिहिलं होतं, की जन्मतः बहिऱ्या आईबापांच्या पोटी कधी कधी सगळी ऐकणारी मुलं येतात, त्याचं कारणही हेच असावं. हा आणि हा एकच? नव्हता, जनू. पांढरा म्हणजे पांढरा नव्हता.

मी ते पुस्तक मिटलं आणि कपाटात वह्यांच्या मागे सारलं. तू त्या वेळी परसात शेंगा तोडत होतीस, मला खिडकीतून दिसत होतीस. पाटी हाताशी होती. मी स्वतःला सांगितलं, आता सांगून काय उपयोग? धर्माचा संसार झाला, जनूची तिशी गेली, कशाला जुनी जखम उकरायची. तुझ्या जखमेची काळजी करतो आहे असं मी मानलं. खरं म्हणजे माझीच कातडी वाचवत होतो. कधीतरी सांगू, असं म्हणत चार वर्षं गेली आणि मग कावीळ आली.

इस्पितळात तू सुई उपटून काढायचीस म्हणून त्यांनी तुझा उजवा हात फळीला बांधला. त्यांचं काही चुकलं नाही, ते कुणाचाही बांधतात. पण तो तुझा हात नव्हता, ती तुझी जीभ होती. हे मी तिथल्या कुणाला सांगितलं नाही. कसं सांगायचं ते सुचलं नाही. तू तीन दिवस डाव्या हातानं माझ्याशी बोलायचा प्रयत्न केलास. सूज आलेली, बोटं जड. एक खूण तू पुन्हा पुन्हा केलीस आणि मला ती लागली नाही. मी पाणी दिलं, उशी सारखी केली, खिडकी लावली. दर वेळी तू डोळे मिटून नाही म्हणालीस. मी गाठ सोडायला हवी होती. नुसती एक गाठ. सुई निघाली असती तर निघाली असती.

आता कालचं.

जेवणं उरकत आली होती. फाटकातून एक गडी आत आला, डोक्याला मुंडासं, सोबत बायको आणि आठेक वर्षांची मुलगी. केस पिकले आहेत त्याचे. मी ओळखलं, धर्मा. त्यानं मला पाहून हात जोडले, मग त्याचे हात भराभर चालायला लागले. मला त्यातलं निम्मंही कळेना. तेव्हा ती मुलगी पुढे झाली आणि बोलली. बोलली, जनू. खणखणीत.

"बापूस म्हनतो, आमाला बाजारात काल कललं. नायतर आमी आदीच आयलो असतो. आयस लय रडली."

त्याचे दोन पांढरे, तिचे दोन पांढरे, आणि मधे ही, दोघांचे हात बघून बोलणारी. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुम्ही जनूला ओळखता?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडा आहे. "मावशी ना? दर बाजाराला भेटते. तळ्याच्या पायरीवर बसून मना तिनंच पाटी शिकवली." मग आईच्या हातांकडे बघत पुढे म्हणाली, "आयस सांगते, मी तान्ही व्हते. बाजारात गाडीचा भोंगा वाजला नि सगली मानसं वलली. आयशीला नाय कललं, बापाशीला नाय कललं. मी पन वलले, ते मावशीनं बगितलं. मना आयकू येतंय हे पयलं मावशीला कललं."

तो दिवस मला आठवला. बाजारातून तू आलीस आणि घरातली सगळी भांडी खाली काढलीस, वाजवून वाजवून घासलीस, डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि तोंडानं हसत होतीस. मी पाटीवर विचारलं, काय झालं? तू लिहिलंस, "काही नाही." त्यानंतर पंधरा दिवसांत माझ्या पोरामागे तू परात वाजवलीस.

म्हणजे आठ वर्षं तुला माहीत होतं. मी पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी तू ते बाजारात उभी राहून पाहिलं होतंस. तुझा जांभळा वेल खरा होता आणि मी खोटा होतो, हे तुझ्या पदरात होतं, आणि तू रोज मला भाकरी वाढत होतीस.

मी मुलीला विचारलं, "मला कधी कसं कळलं नाही?" तिनं बापाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, सांग म्हणून. तेव्हा म्हणाली, "मावशी म्हनलेली, मास्तरला सांगायचं नाय. तो रडंल."

म्हनलेली, असं ती पोर अगदी सहज म्हणाली.

मी नीटच लिहितो. तुझं आणि धर्माचं मूल ऐकणारं झालं असतं याची खात्री आजही कुणी देऊ शकणार नाही. वेलाचं फूल म्हणजे माणसाचा कान नव्हे. त्याचा पांढरा आणि त्याच्या बायकोचा पांढरा निराळे निघाले. त्याचा आणि तुझा काय निघाले असते, हे कळायला एकच वाट होती आणि ती मी दगड रचून बुजवली. आणि चार मुकी पोरं झाली असती, तरी काय झालं असतं? तू मुकी होतीस. तुझ्यावाचून माझं घर चालत नव्हतं. हा साधा हिशेब मला वालांशिवाय यायला हवा होता. जनू, मला क्षमा मागायचीही लाज वाटते, कारण तू ती आधीच देऊन बसली आहेस, आणि मला ती सोसवत नाही. तू एकदा माझ्या तोंडावर पाटी फेकून मारायला हवी होतीस.

धर्मानं जाताना परसाकडे बोट केलं. मांडव पाहायचा होता त्याला. दर वर्षी तू जांभळ्या वेलांना लाल दोरा बांधून त्यांचं बी वेगळं ठेवत आलीस. यंदाही दोरे आहेत, तूच बांधलेले, फुलंही आहेत. पुस्तकात लिहिलं आहे, की पहिल्या जांभळ्याच्या बियांतून नऊला सात अशी जांभळी आणि पांढरी येतात. मी काल सकाळी मोजायला गेलो होतो. चार-पाच मोजले आणि पुढे मोजवेना. ते दोघं नवरा-बायको मांडवाखाली गेले, त्याची आई गेल्या वर्षी वारली म्हणे, तिच्या वालाचा वेल त्यानं हातात धरून पाहिला. मुलगी फुलांत शिरून पार टोकाला, विहिरीपाशी पोचली.

मी आत येऊन राखेचं मडकं काढलं. ते बी त्यांनाच जायला हवं. बाहेर आलो तर पोर वाकून विहिरीत बघत होती, पाठमोरी. हाक मारायची तर नाव ठाऊक नाही. धर्माच्या बायकोला खुणेनं विचारलं, हिचं नाव काय. तिनं माझ्या हातातल्या मडक्यातली चिमूटभर राख ओट्यावर पसरली आणि बोटानं दोन अक्षरं काढली. अक्षर वाकडं होतं, तुझंच वळण. तिलाही तूच शिकवलं असणार.

मी ती अक्षरं पाहिली आणि हाक मारली, "जनूऽऽ".

या परसात हे नाव आईनं हजार वेळा हाकारलं, मीही रागात, सवयीत, काल-परवा वेड्यासारखा कितीदा हाकारलं. काल पहिल्यांदा कुणीतरी वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणालं, "ओ."